न्यायप्रविष्ट

ज्यांच्याकडे मी पंधरा वर्षं टायपिस्ट म्हणून काम केलं, ते नाशिकचे एक वकील होते आणि त्यातली पाच वर्षं ते विधानसभेचे अध्यक्ष होते. आज नाशिकमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता नाही की चौक नाही. मी त्यांना साहेब म्हणत असे. इथेही तेच म्हणते.

कामाला लागले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आम्ही नाशिकरोडला राहायचो. वडील सरकारी छापखान्यात कामगार, आई घरी, आम्ही तिघी बहिणी. मॅट्रिक झाल्यावर मी शालिमारजवळच्या एका क्लासात मराठी टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले. क्लासच्या सरांनीच मला साहेबांचा पत्ता दिला. म्हणाले, "त्यांच्याकडे कुणी महिनाभर टिकत नाही. शुद्धलेखनावरून घालवून देतात. तू टिकशील."

साहेबांचं घर गंगापूर रोडला होतं. पुढच्या दोन खोल्यांत ऑफिस, मागे संसार. धोतर, बंद गळ्याचा लांब कोट आणि काळी टोपी, असा त्यांचा वेश. एका मृत्युपत्राचा मजकूर त्यांनी मला सांगितला, मी टाइप केला. त्यांनी लाल पेन्सिल हातात घेऊन पान वाचलं आणि पेन्सिल न वापरताच खाली ठेवली. मग नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर क्षणभर थांबले. आम्ही बौद्ध. नाशिकमध्ये आडनाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "तुमचे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत."

माझे आजोबा पंचवटीतल्या देवळासमोर सत्याग्रहाला बसलेल्यांपैकी होते. साहेबांचे वडील तेव्हा देवळाच्या आतल्या मंडळींपैकी. हे मला घरी कळलं होतं आणि साहेबांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पंधरा वर्षांत हा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही. साहेबांच्या पत्नी, काकू, रोज तीन वाजता चहा द्यायच्या. माझा कप वेगळा होता, निळ्या फुलांचा. तो मी अंगणातल्या नळावर धुऊन खिडकीत पालथा घालायचे. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मीच तसं केलं आणि कुणी नको म्हणालं नाही.

साहेब जुन्या वळणाचे होते आणि ते लपवत नसत. बाहेरचं खात नसत. मुंबईला जाताना काकूंच्या हातच्या दशम्या आणि सुकी भाजी बरोबर असायची. नवा कायदा म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "घाईने केलेला कायदा आणि घाईने केलेलं लग्न, दोन्ही वकिलांच्या फायद्याचं," असं ते म्हणत. पण नियमाला ते देवासारखं मानायचे. ऑफिसमधल्या शिपायापासून पक्षकारापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो करत. मलाही पहिल्या दिवसापासून "तुम्ही". माझ्या वडिलांना त्याचं फार अप्रूप होतं. छापखान्यात त्यांना आयुष्यभर कुणी "तुम्ही" म्हटलेलं नव्हतं.

मी लागले त्याच्या पुढच्याच वर्षी साहेब विधानसभेवर निवडून आले. त्यांच्या पक्षात तेव्हा दोन गट होते आणि दोघांनाही चालेल असा सभागृहाचा अध्यक्ष कुणी सापडत नव्हता. साहेबांचा कुठलाच गट नव्हता, म्हणून त्यांचं नाव पुढे आलं. ते स्वतःच मला एकदा म्हणाले होते, "माझ्या लायकीमुळे झालो असं समजू नका. माझी अडचण कुणालाच नव्हती, म्हणून झालो."

अधिवेशन चालू असलं की ते शनिवारी रात्री सरकारी गाडीने नाशिकला यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. मुंबईला सचिवालयात त्यांच्या हाताखाली लघुलेखक होतेच. पण अवघड निर्णय ते राखून ठेवायचे आणि रविवारी नाशिकला मला सांगायचे. म्हणून रविवारी मला सुट्टी नसायची. नियमांचं पुस्तक त्यांनी खादीच्या कापडात बांधून घेतलं होतं. ते उघडायच्या आधी हात धुवायचे. मला हसू यायचं, आणि बरंही वाटायचं. वाटायचं, एवढ्या काळजीने कुणी बसलंय तिथे, तर आपल्या माणसांचं काही वाईट होणार नाही.

मग दुष्काळ पडला. सिन्नरकडे माझी आत्या राहायची, वडिलांची थोरली बहीण. तिला एकच मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. लहानपणी सुट्टीत आम्ही एका गोधडीत झोपायचो. तिचं लग्न झालं होतं, पण नवरा मुंबईला गेला तो परत आला नाही, म्हणून ती आईकडेच होती. त्या वर्षी गावातली सगळीच माणसं सरकारी दुष्काळी कामावर होती. माय-लेकी दोघीही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या.

उन्हाळ्यात एका सकाळी खाणीत सुरुंग लावला. बायकांना तिथून उठवलंच नाही. सुरुंग लावणारा म्हणाला, मी ओरडलो होतो. जिवंत राहिलेल्या बायका म्हणाल्या, कुणी ओरडलं नाही. पाच जणी गेल्या. त्यात माझी आत्येबहीण होती.

निरोप आला तेव्हा मी साहेबांच्या ऑफिसमध्ये होते. साहेब मुंबईला होते. काकूंना सांगितलं, "घरी दुःख झालंय, दोन दिवस येणार नाही." त्या म्हणाल्या, "जा बाई, जा." कोण गेलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वडील आणि मी गावी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हाताला खडीचे ओरखडे होते आणि केसांत अजून दगडाची भुकटी होती. तिने मला जवळ ओढलं आणि माझे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. "तुझं हात मऊ हायत," एवढंच म्हणाली.

रविवारी मी कामावर गेले. साहेब आले होते. टेबलावर एका विरोधी आमदाराने दिलेली सूचना होती. सगळं कामकाज बाजूला ठेवून या अपघातावर सभागृहात चर्चा व्हावी, असा स्थगन प्रस्ताव. त्याला मयत बायकांची यादी जोडली होती. तिसरं नाव वाचून मी कागद खाली ठेवला. साहेब हात पुसत आले आणि येरझारा घालत सांगायला लागले.

निर्णय लांब होता. आधीचे दाखले, इंग्लंडचे, दिल्लीचे. सार एवढंच होतं. कंत्राटदारावर गुन्हा नोंदला गेला आहे, प्रकरण न्यायालयात दाखल झालं आहे, म्हणजे ते न्यायप्रविष्ट आहे, आणि न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात चर्चा झाली तर न्यायाच्या कामात ढवळाढवळ होईल. सबब प्रस्ताव फेटाळण्यात येत आहे. सरकारने त्यांना तसं सांगितलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं झालं नव्हतं. कुणी सांगायला आलं असतं तर साहेबांनी त्याला बाहेर काढलं असतं. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं.

मी टाइप केलं. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन वाचलं आणि एका ठिकाणी गोल केला. "मृत स्त्रीया" असं मी टाइप केलं होतं.

"तुमच्याकडून ही चूक?" ते म्हणाले. रागावून नाही, आश्चर्याने.

"पुन्हा टाइप करते."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. खासगी गोष्ट विचारणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते आत गेले. मी नवा कागद लावून "स्त्रिया" असं टाइप केलं.

त्या संध्याकाळी मी वडिलांना म्हटलं, मी नोकरी सोडते. वडील कधी नव्हे ते कठोर झाले. पगाराचा प्रश्न होताच, पण ते तेवढंच बोलले नाहीत. म्हणाले, "तू उठलीस तर त्या खुर्चीत दुसरी बसेल. आपण काय टाइप करतोय ते तिला कळणारसुद्धा नाही. तुला निदान कळतंय."

"कळून काय उपयोग?"

"उपयोग नाही," ते म्हणाले. "तरी बस."

महिन्याभराने आत्या आमच्याकडे आली. गावात कुणीतरी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं. स्वयंपाकघरात मी भाकरी करत होते, ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "तुझा सायेब लय मोठा हाय म्हनं तिथं. मंग त्यानं बोलू का नाय दिलं?"

मी तिला साहेबांसारखंच समजावलं. कोर्टात केस आहे ना आत्या, म्हणून बाहेर बोलायचं नसतं. बोललं तर केस बिघडते.

"म्हंजी कोर्टात बोलत्याल?"

"हो."

"समदं इचारत्याल?"

"हो, सगळं विचारतील."

"बरं," आत्या म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून भाजी निवडायला बसली. त्या एका "बरं"चं ओझं मी पुढे किती वर्षं वागवलं ते मला सांगता येणार नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मी तिची भाची होते, शिकलेली होते आणि साहेबांच्या घरात माझा कप होता.

साहेबांचं अध्यक्षपद गेलं तेही नियमामुळेच. त्यांच्याच पक्षाच्या एका मंत्र्याने सभागृहात खोटी माहिती दिली होती आणि विरोधकांनी त्याच्यावर हक्कभंग आणला. रविवारी पक्षाचे दोघे जण साहेबांकडे आले. दोघेही मोठे लोक. मी बाजूच्या खोलीत मशीनवर होते. मला उठून जायला कुणी सांगितलं नाही. टायपिस्टला कान असतात हे अशा लोकांच्या लक्षात येत नाही.

"साहेब, एवढं पुढच्या अधिवेशनावर ढकला," एक जण म्हणाला. "तोवर आम्ही निस्तरतो."

"कोणत्या नियमाखाली?" साहेबांनी विचारलं.

"नियम तुम्ही शोधायचा. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला बसवलंय."

मग साहेबांचा आवाज आला, तसाच सावकाश. "चहा घेऊन जा. आत टाकलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हक्कभंग दाखल करून घेतला. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही. त्या रविवारी मी मशीनवर हात ठेवून नुसती बसून राहिले होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला. ते लबाड असते तर माझं सोपं झालं असतं. पाच बायकांच्या वेळी त्यांनी पक्षासाठी तोंड दाबलं असतं आणि या वेळीही तसंच केलं असतं, तर मी त्यांचा तिरस्कार करून मोकळी झाले असते. पण ते दोन्ही वेळा सारखेच वागले.

त्यानंतर घर हळूहळू रिकामं झालं. आधी दारावरचा पोलीस गेला, मग गाडी गेली. दिवाळीला अंजिरांच्या आणि काजूच्या पेट्या यायच्या, त्या थांबल्या. त्या साहेब परतच पाठवायचे, पण परत पाठवायलाही काही येईना. वकिली पुन्हा सुरू करून पाहिली. जिल्हा न्यायालयात त्यांच्या हाताखाली शिकलेले आता मोठे झाले होते. ते उठून नमस्कार करायचे, खुर्ची द्यायचे, आणि काम मात्र कुणी द्यायचं नाही. माझा पगार त्यांनी कधी चुकवला नाही, पण काम आठवड्यातून तीन दिवसांचंच राहिलं. उरलेले दिवस मी एका शाळेच्या ऑफिसात लागले. लग्नाचं वय निघून गेलं होतं. धाकट्या दोघींची झाली, माझं राहिलं.

मग काकू गेल्या. मुलगा पुण्याला नोकरीला होता, तो दहा दिवस राहून परत गेला. साहेबांनी स्वतः स्वयंपाक करायला सुरुवात केली. मुगाची खिचडी, रोज. दुपारी मी गेले की ते कोट-टोपी घालूनच ऑफिसात बसलेले असायचे, समोर टेबल रिकामं.

एक दिवस म्हणाले, "माझ्या आठवणी सांगेन म्हणतो. सभागृहाच्या. नव्या लोकांना उपयोगी पडतील."

ते सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये घ्यायचे, मग टाइप करायचे. पुस्तक कोरडं होतं. कुठला निर्णय कशाच्या आधारावर दिला, एवढंच. स्वतःविषयी एक अक्षर नाही. सहा महिन्यांत आम्ही दुष्काळाच्या वर्षापर्यंत आलो. साहेब खिडकीशी उभे राहून सांगत होते, "दुष्काळी कामावरील अपघातासंबंधीचा स्थगन प्रस्ताव मी न्यायप्रविष्टतेच्या कारणावरून फेटाळला. हा निर्णय पुढे अनेकदा दाखला म्हणून वापरला गेला, याचे मला समाधान आहे."

माझी पेन्सिल थांबली. मी ते ठरवून केलं नव्हतं.

"झालं का लिहून?" त्यांनी विचारलं.

"साहेब, त्या पाच जणींमधली एक माझी आत्येबहीण होती."

ते वळले. बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते. ते खुर्चीपर्यंत आले, पण बसले नाहीत.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमचा निर्णय बदलला असता?"

त्यांनी खरोखर विचार केला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. बारा वर्षांपूर्वीचे सगळे दाखले ते मनात पुन्हा चाळत होते. शेवटी म्हणाले, "नाही." आणि थोड्या वेळाने, "पण मी तो तुमच्याकडून टाइप करून घेतला नसता."

मी वही मिटून घरी गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "तिची आई आहे?"

"आहे."

"मला त्यांच्याकडे न्याल?"

आम्ही सीबीएस स्थानकावरून एसटीने गेलो. एके काळी याच रस्त्याने त्यांची गाडी जायची तेव्हा चौकाचौकात पोलीस उभे राहायचे. कंडक्टर त्यांना "बाबा, आत सरका" म्हणाला आणि ते आत सरकले. फाट्यापासून गाव दीड मैल. ते काठी टेकत चालले. मध्ये दोनदा थांबले, पण बसले नाहीत.

आत्या दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आता तिला फार कमी दिसायचं. मी सांगितलं, साहेब आलेत. तिने बाज दाखवली. साहेब बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि त्यांनी काय करावं? त्यांनी तिला नियम समजावून सांगायला सुरुवात केली. प्रकरण न्यायालयात असताना सभागृहात चर्चा का होत नाही, ते. अगदी सोप्या भाषेत, मायेने, शाळेतल्या मास्तरांसारखं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या शेंगा फोडत राहिली. त्यांचं संपल्यावर तिने विचारलं, "मंग कोर्टानं काय केलं?"

साहेब मांडीवरची टोपी नीट करत राहिले.

"सायेब, कोर्टानं काय केलं?"

"मला ठाऊक नाही," साहेब म्हणाले.

"मलाबी नाय," आत्या म्हणाली. "मला वाटलं तुमास्नी ठावं आसंल."

तिने मूठभर दाणे पाखडून त्यांच्यापुढे केले. साहेबांनी दोन्ही हात पुढे करून ते घेतले. बाहेरचं न खाणारा तो माणूस तिथे बसून एकेक दाणा चावत होता आणि त्याची मान खाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते न्यायालयाच्या अभिलेखागारात जायला लागले, जिथे जुन्या खटल्यांची कागदपत्रं ठेवतात. तिथला कारकून नवा होता, त्याने ओळखलं नाही. अर्ज करा, उद्या या, अधिकारी रजेवर आहेत, पावसात गठ्ठे भिजलेत. साहेब रोज जायचे आणि बाकावर बसायचे. मी शाळा सुटल्यावर कधी तिकडे गेले तर टोपी, कोट, काठी, तसेच बसलेले दिसायचे. दीड महिन्याने कागद मिळाला.

निकाल आठ-दहा ओळींचा होता. खटला दोन वर्षं पुढे पुढे ढकलला गेला होता. मग सरकार पक्षातर्फे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हजर करता आले नाहीत, सबब आरोपीला सोडून देण्यात येत आहे. अपील झालं नाही. साहेब विधानसभेचे अध्यक्ष होते त्याच काळात हा निकाल लागला होता, आणि त्यांच्या घरापासून जिल्हा न्यायालय चालत वीस मिनिटांवर होतं.

त्यांनी आत्याला पत्र लिहिलं. मला सांगून नाही, स्वतःच्या हाताने. टोपलीत चार-पाच कागद फाडून टाकलेले मला दिसले. आयुष्यभर "सबब" आणि "सदरहू" लिहिलेल्या माणसाला साधं लिहिणं जड गेलं असणार. पत्र माझ्याकडे देऊन म्हणाले, "त्यांना वाचून दाखवा. काय म्हणतात ते मला सांगा. बदलू नका."

मी आत्याला वाचून दाखवलं. साक्षीदार मिळाले नाहीत, या वाक्याशी तिने हात वर केला.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"मी व्हते की," ती म्हणाली. "मी तिथंच व्हते. तिच्यापासनं धा हातावर खडी फोडीत व्हते. मला कुनी बोलावलंच नाय."

मी तिच्याजवळ बसून राहिले. ती रडली नाही. थोड्या वेळाने तिने सांगायला सुरुवात केली. त्या सकाळी लेक काय म्हणाली, कुठे बसली होती, पाणी प्यायला उठणार होती पण नंतर जाते म्हणाली, सुरुंगवाला कुठे उभा होता, त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं. सगळं. एखाद्या न्यायाधीशाने विचारावं तसं क्रमाने. बारा वर्षं ती उत्तरं तयार ठेवून बसली होती.

साहेबांना मी न बदलता सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "लिहून घ्या." उभे राहायला गेले, पण बसूनच सांगितलं. "या अपघाताची प्रत्यक्ष साक्षीदार असलेली एक स्त्री आजही हयात आहे. न्यायालय ऐकेल म्हणून मी सभागृहाला ऐकू दिले नाही. न्यायालयाने तिला बोलावले नाही. ते बोलावते की नाही हे मी पाहिले नाही. माझा निर्णय नियमाला धरून होता." तिथे थांबले. मी पेन्सिल धरून वाट बघत होते. "नियमाला धरून होता," ते पुन्हा म्हणाले, आणि पुढचं वाक्य काही आलं नाही.

त्यानंतर त्यांनी पुस्तकाचा विषय काढला नाही. मी विचारलं की म्हणायचे, बघू. त्याच थंडीत ते न्यूमोनियाने गेले. स्मशानात तीसेक माणसं होती. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली, त्यात त्यांना विधानसभेचे माजी उपाध्यक्ष म्हटलं होतं. त्या चुकीची दुरुस्ती छापावी म्हणून मी पत्र पाठवलं. छापली नाही.

वर्षश्राद्धाला मुलाने त्या आठवणींचं एक छोटं पुस्तक छापलं आणि मला एक प्रत दिली. मी उभ्याउभ्याच ते पान काढलं. स्थगन प्रस्ताव फेटाळला, दाखला म्हणून वापरला गेला, समाधान आहे. पुढचा परिच्छेद नव्हता.

"इथे अजून थोडं होतं," मी म्हटलं.

"हो, बघितलं मी," मुलगा म्हणाला. चांगला माणूस होता, थकलेला दिसत होता. "ते अर्धवटच होतं ना. शिवाय शेवटी शेवटी बाबांचं जरा... एकटे होते ते. त्यांच्या सुरात बसत नव्हतं."

प्रत पिशवीत घातली आणि नाशिकरोडची बस धरली. आत्या अजून होती तेव्हा. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले, पण पुस्तक बरोबर नेलं नाही. तिला आता अजिबात दिसत नव्हतं. अंगणात बसून तिने मला पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि मी मध्ये न बोलता ऐकलं.